भिवापूर ते कोल्हापूर : वसतिगृहांच्या वाटेवर

मुलांनो, भिवापूर हे नाव तुम्ही ऐकलंय का? नागपूर जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा, लगेच उत्तर येईल, "मिरचीचं गाव!" खरंच आहे ते. भिवापुरी मिरचीचा लालभडक रंग आणि तिचा ठसका सगळ्या विदर्भात प्रसिद्ध आहे. या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नागपूरहून उमरेडच्या रस्त्यानं निघालं, की साधारण सत्तर किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव लागतं. पुढे तोच रस्ता नागभीडकडे जातो.

या गावावरून पूर्वी एक गमतीदार गाडी जायची. नागपूर-नागभीड नॅरोगेज! तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. छोटे डबे आणि रमतगमत चालणारी गाडी. रूळ रुंद करायचे म्हणून २०१९ साली ती बंद झाली. या गाडीतून कोण कोण जायचं? बाजाराला निघालेले शेतकरी, माहेरी निघालेल्या लेकी, आणि हो, पत्र्याची ट्रंक घेऊन शिकायला निघालेली मुलंसुद्धा!

कारण लहान गावात शाळा असते, पण ती एका इयत्तेपर्यंत. पुढं शिकायचं तर तालुक्याला जायचं, नाहीतर नागपूरला. आणि तिथं राहायचं कुठं? मग एक शब्द कानावर यायचा, "बोर्डिंग". कुणी त्याला वसतिगृह म्हणतं, कुणी छात्रालय, कुणी होस्टेल. घर सोडून राहायचं, ओळखपाळख नसलेल्या मुलांच्या पंगतीला बसायचं आणि रात्री आईची आठवण आली तर गुपचूप पांघरुणात तोंड लपवायचं. तुमच्यापैकी कुणी वसतिगृहात राहत असेल, तर त्याला हे वेगळं सांगायला नको!

आता एक गंमत सांगतो. प्रत्येक शाळेत एक जाडजूड वही असते. गुरुजी तिला 'जनरल रजिस्टर' म्हणतात. शाळेत नाव घातलं, की तुमची एक ओळ त्या रजिस्टरात पक्की होते. नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, प्रगती, वर्तणूक. शाळा हे रजिस्टर कायम जपून ठेवते. पण शाळा सोडल्यानंतर त्या मुलाचं पुढं काय झालं, हे लिहायला त्यात रकानाच नसतो! तो मुलगा मोठा झाला, म्हातारा झाला, वारला, तरी रजिस्टरातली त्याची ओळ बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचीच राहते.

चला तर मग, आज आपण त्या न छापलेल्या रकान्याच्या शोधात निघू. जुन्या वसतिगृहांत शिकून गेलेली आणि आता या जगात नसलेली काही माणसं आपल्याला वाटेत भेटणार आहेत.

गाडी एक, वसतिगृहं अनेक

भिवापूरहून एसटीनं नागपूर गाठायचं. तिथं आपल्याला मिळेल महाराष्ट्र एक्सप्रेस. ही गाडी गोंदियाहून निघते आणि थेट कोल्हापूरला जाते. महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे! नागपूर ते कोल्हापूर हा प्रवास एक दिवस आणि वर थोडे तास, एवढा लांबचा आहे. तेव्हा डबा भरपूर घ्या आणि खिडकी पकडा. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड अशी स्टेशनं मागं पडतील. रात्री अहिल्यानगर, मग दौंड. बहुधा तुम्ही गाढ झोपेत असाल.

पण दौंड गेलं, की जागे व्हा बरं का! पुण्याच्या अलीकडे केडगाव नावाचं एक स्टेशन आहे. पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती सदन' इथलंच. आपली पहिली गोष्ट त्यांच्या शाळेपासून सुरू होते.

गोदूबाईंची पाटी

११ मार्च १८८९ या दिवशी रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' ही शाळा काढली. मुलींनी आणि विशेषतः विधवा स्त्रियांनी तिथंच राहायचं आणि शिकायचं. पुढच्याच वर्षी ही शाळा पुण्याला आली आणि नंतर केडगावला.

त्या काळी लहानपणीच लग्नं होत. नवरा वारला, तर आठ-दहा वर्षांच्या मुलीलाही विधवा म्हणून जन्मभर राहावं लागे. तिचे केस काढून टाकत. चांगलं लुगडं नाही, सणवार नाही, शिकणं तर नाहीच. घरच्या कामाला जुंपायचं, एवढंच तिचं आयुष्य.

कोकणातल्या देवरुखच्या गोदूबाई अशाच एक. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत नवरा वारला. सासरी राबता राबता वयाची विशी उलटली. त्यांचे भाऊ नरहरपंत जोशी मुंबईत शिकत होते. त्यांनी बहिणीला मुंबईला आणलं आणि शारदा सदनात घातलं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे या गोदूबाई! विचार करा, ज्या वयात आजच्या ताया कॉलेज संपवतात, त्या वयात गोदूबाई शाळेच्या बाकावर बसून धडे गिरवत होत्या.

पुढं काय झालं? नरहरपंतांचे एक मित्र होते, धोंडो केशव कर्वे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवत. त्यांची पत्नी वारली होती. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं होतं. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंचं आणि त्यांचं लग्न झालं. तारीख पाहिलीत? शाळा उघडली, त्याला बरोबर चार वर्षं झाली होती! लोक इतके चिडले, की कर्व्यांच्या गावानं, मुरूडनं, त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण दोघं डगमगले नाहीत. लग्नानंतर गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं आणि घरातले त्यांना 'बाया' म्हणू लागले. म्हातारपणी त्यांनी आपली हकिगत लिहिली. तिचं नाव 'माझे पुराण'. १९५० साली त्या वारल्या. विशी उलटल्यावर पाटी हातात घेतलेल्या बाईनं स्वतःचं पुस्तक लिहिलं, मुलांनो!

हिंगण्याची झोपडी

आता पुणे आलं. इथं आपण थोडं उतरू या. कर्वेनगर म्हणून जो गजबजलेला भाग आहे, तिथं पूर्वी हिंगणे नावाचं खेडं होतं. १८९६ साली कर्व्यांनी 'अनाथ बालिकाश्रम' ही संस्था स्थापन केली. पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलवला. गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा दिली. तिच्यावर एक साधी झोपडी उभी राहिली. ती झोपडी संस्थेनं आजही जपून ठेवली आहे. कर्वे कॉलेजातलं काम आटोपून रोज संध्याकाळी पायी हिंगण्याला जात. रस्ता कसला, पावसाळ्यात नुसता चिखल! हातात आश्रमाला लागणारं सामान, आणि तिकडं वाट पाहणाऱ्या मुली.

या आश्रमात दिसल्या असत्या पार्वतीबाई आठवले. त्या बायांच्या धाकट्या बहीण. विसाव्या वर्षाच्या सुमाराला नवरा गेला, पदरी एक लहान मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या शिकायला लागल्या. आधी स्वतः शिकल्या, मग आश्रमाचा कारभार पाहू लागल्या. पुढं त्यांनी केशवपनाची चालही झुगारून दिली आणि केस राखले. त्या वेळी ही फार धाडसाची गोष्ट होती.

पण खरी कमाल तर पुढंच आहे! १९१८ साली पार्वतीबाई एकट्या अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी पैसे जमवायचे, म्हणून. इंग्रजी जेमतेम, ओळखीचं कुणी नाही. मग त्यांनी काय केलं? लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, पडेल ते काम केलं. दोन वर्षांनी, १९२० साली, त्या परत आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. १९२८ मध्ये त्यांचं 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र निघालं. १९५५ साली त्या गेल्या.

याच हिंगण्याच्या शाळेत नंतर एक हुशार मुलगी आली. घोडनदीची बाळूताई खरे. शिकून ती तिथंच शिकवू लागली. आजूबाजूच्या शिकलेल्या मुलींची दुःखं ती पाहत होती. शिक्षण झालं, नोकरी लागली, तरी त्यांच्या मनाचा विचार कुणी करत नव्हता. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे कथांचं पुस्तक निघालं. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. महाराष्ट्रात एकच खळबळ उडाली. ही विभावरी कोण? कुणालाच ठाऊक नव्हतं! तीच आपली बाळूताई. लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. सोलापूरला ज्या जमातींना इंग्रज सरकारनं 'गुन्हेगार' ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्यांच्या वसाहतीत त्यांनी काम केलं. त्या अनुभवांतून 'बळी' ही कादंबरी लिहिली. २००१ साली त्यांचं निधन झालं.

बाया, पार्वतीबाई, मालतीबाई. एकीला शिकवलं म्हणून दुसरी शिकली आणि तिसरीनं लेखणी हातात घेतली. राहायला जागा आणि जेवायला ताट नसतं, तर यांच्यापैकी किती जणी शिकल्या असत्या?

साताऱ्याची एक पंगत

चला, गाडीत बसा. आता घाट, बोगदे आणि उसाची शेतं. सातारा आलं. स्टेशन गावापासून जरा लांब आहे, पण हरकत नाही.

मुलींचं झालं, तसं गरीब मुलांचं काय होत असे? शिकायला शहरात आलेला मुलगा माधुकरी मागे, किंवा 'वार लावून' जेवे. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पण ही सोय सगळ्यांना नव्हती. ज्यांना लोक शिवतही नसत, त्या मुलांना जेवायला कोण बोलावणार? आणि शेतकऱ्याच्या पोराला शहरात ओळखतो कोण?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी 'रयत शिक्षण संस्था' काढली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच छपराखाली राहायची. पाणी भरणं, भाकरी करणं, झाडलोट, सगळी कामं मुलांनीच करायची. आणि पंगत एकच! १९२७ साली महात्मा गांधी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं. सगळीकडे शिवाशीव पाळली जात असताना ही मुलं मांडीला मांडी लावून जेवत होती. गांधीजींना त्याचं केवढं कौतुक वाटलं असेल!

मुलांच्या जेवणाला पैसे कमी पडले, की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपले दागिने विकत. असं करता करता मंगळसूत्रसुद्धा गेलं. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. त्यांच्या हातची भाकरी खाल्लेली मुलं पुढं राज्यभर पसरली.

त्या बोर्डिंगातला एक मुलगा म्हणजे पी. जी. पाटील. घरची गरिबी, पण डोकं तल्लख. हा मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. बॅरिस्टर म्हणजे मुंबईत बंगला, मोटार, भरपूर पैसा! पण तो कुठं गेला? परत साताऱ्याला! ज्या संस्थेनं वाढवलं, तिच्याच कॉलेजात शिकवायला. पुढं ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी इंग्रजीत नेलं. १९९१ साली महाराष्ट्र शासनानं ते प्रसिद्ध केलं. आज ते हयात नाहीत, पण परदेशातला एखादा विद्यार्थी फुले वाचतो, तेव्हा पुष्कळदा साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या या मुलाचेच शब्द वाचत असतो.

पोगरवाडीचा संतोष

साताऱ्यातच आणखी एक निवासी शाळा आहे. सैनिक स्कूल! २३ जून १९६१ रोजी ती सुरू झाली. देशातली ही पहिलीच सैनिक शाळा. पहाटे बिगुल, मग कवायत, मग अभ्यास, संध्याकाळी मैदान.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचा संतोष महाडिक या शाळेत शिकला. फुटबॉल हा त्याचा लाडका खेळ. पुढं तो सैन्यात अधिकारी झाला, पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारणाऱ्या कमांडो पलटणीत गेला आणि कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचला. काश्मीरमध्ये कुपवाडा भागात ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख होते. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी दाट जंगलात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. ते प्रमुख होते. मागं थांबून हुकूम देता आले असते. पण ते आपल्या जवानांच्या पुढं होते. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आलं.

ही गोष्ट इथं संपत नाही. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक या दोन मुलांच्या आई. त्या शिक्षिका होत्या. त्यांनी ठरवलं, आपणही सैन्यात जायचं. वय उलटून गेलं होतं, म्हणून खास सवलत मिळाली. पण परीक्षा आणि खडतर प्रशिक्षण यांत कसली सवलत? सगळं पार पाडून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

भिवापूर-उमरेडकडच्या मुलांनो, तुमच्यासाठी एक बातमी! सैनिक शाळेसाठी आता विदर्भातून साताऱ्यालाच जायला हवं असं नाही. २०१९ साली चंद्रपूरजवळ विसापूरला सैनिक शाळा सुरू झाली आहे. सहावी आणि नववीत प्रवेश असतो. आणि २०२१ पासून मुलींनासुद्धा सैनिक शाळांची दारं उघडली आहेत.

बोर्डिंगातून काढलेला मुलगा

आता शेवटचा टप्पा. कराड, सांगली, मिरज, हातकणंगले, मग कोल्हापूर. हातकणंगल्याजवळच कुंभोज हे गाव आहे. तिथं २२ सप्टेंबर १८८७ रोजी एक मुलगा जन्मला. नाव भाऊराव. हो, तेच कर्मवीर!

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात वसतिगृहांना जागा आणि पैसा द्यायला सुरुवात केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, एकेका समाजाचं वसतिगृह उभं राहिलं. म्हणून तर कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी 'मिस क्लार्क होस्टेल' निघालं.

त्या वेळी भाऊराव जैन बोर्डिंगात राहत होते. असं सांगतात, की ते मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला गेले आणि परत आले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, "आधी आंघोळ कर, मग पंगतीला बस." भाऊराव म्हणाले, "नाही करणार!" झालं, त्यांना बोर्डिंगातून काढून टाकलं. त्या दिवशी कुणी त्यांचा दाखला लिहिला असता, तर 'वर्तणूक' या रकान्यात काय लिहिलं असतं बरं? पण ज्याला एका पंगतीतून उठवलं, त्यानंच पुढं साताऱ्यात सगळ्यांची एक पंगत मांडली! ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले, तेव्हा त्यांची शाळा-वसतिगृहं गावोगाव पसरली होती. त्याच वर्षी सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं होतं.

मिस क्लार्क होस्टेलच्या एका मुलाचंही नाव लक्षात ठेवा. ज्ञानदेव घोलप. शाळेत वर्गाबाहेर बसवलेला हा मुलगा भाऊरावांना दिसला आणि त्यांनी त्याला कोल्हापूरला आणून या होस्टेलात ठेवलं, असं सांगतात. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पत्र काढलं. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले, तेव्हा या पत्राचे संपादक झाले ज्ञानदेव घोलप! पुढं ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासदही झाले. वर्गाबाहेर बसवलेला मुलगा कायदे करायला बसला!

आता तुमची पाळी

आपला प्रवास संपला. पण काम राहिलंय, आणि ते तुमच्यासाठी आहे.

वरची माणसं मोठी होती. त्यांची पुस्तकं आहेत, पुतळे आहेत, त्यांची नावं आपल्याला सापडतात. पण त्यांच्या शेजारच्या ताटावर बसलेली मुलं? हिंगण्याच्या झोपडीत शिकून एखाद्या खेड्यात सुईण झालेली, शिक्षिका झालेली बाई? साताऱ्याला भाकऱ्या थापून शिकलेला आणि जन्मभर एकाच शाळेत फळ्यावर लिहीत राहिलेला गुरुजी? अशी माणसं हजारांनी होती. त्यांची आठवण त्यांच्या गावातच राहिली आहे, आणि ती सांगणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत.

म्हणून असं करा. येत्या सुट्टीत तुमच्या शाळेतल्या किंवा वसतिगृहातल्या गुरुजींची परवानगी काढा. शाळेत शिकून गेलेल्या आणि आता हयात नसलेल्या पाच जणांची नावं त्यांना विचारा. मग त्यांच्या घरी जा, मुलांना भेटा, नातवंडांना भेटा, जुन्या मित्रांना विचारा. ते कुठून आले होते? शाळेपर्यंत कसे यायचे? वसतिगृहात काय खायचे? सगळ्यात जास्त रडू कधी आलं होतं? पुढं त्यांनी काय केलं? एकेकाबद्दल एकेक पान लिहा. कुणाच्या घरी जुना फोटो असेल, तर त्याची प्रत काढून पानाला चिकटवा आणि मूळ फोटो जपून परत करा. आईबाबा आणि आजीआजोबांनो, तुम्हीही मुलांच्या मदतीला बसा. तुमच्या वर्गातली जी मुलं आज नाहीत, त्यांची नावं आधी तुम्हीच सांगू शकाल.

वही तयार झाली, की ती शाळेच्या वाचनालयात ठेवा. दरवर्षी नव्या मुलांनी तिच्यात पाच पानं वाढवायची, असा नियमच करून टाका. भिवापूर असो, कोल्हापूर असो, की तुमचं गाव, जनरल रजिस्टरात नसलेला तो रकाना तुम्हालाच भरायचा आहे. कराल ना सुरुवात?